मयताच्या दिवशी फाडलेली पावती

प्रति,
चर्चच्या मंडळीच्या नव्या कमिटीचे सर्व सभासद आणि पाळकसाहेब यांस,

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

निवडणूक पार पडली, हार घालून झाले, पेढे वाटून झाले, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. तुमच्यातल्या चौघांना मी मत दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. पत्र मात्र सगळ्यांनाच आहे. बंद पाकिटात देता आलं असतं, पण बंद पाकिटांचं कमिटीच्या कपाटात काय होतं ते मला ठाऊक आहे. दोन मुदती, म्हणजे सहा वर्षं, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती.

सूचनाफलकावर तुमच्या पहिल्या सभेची विषयपत्रिका लागली आहे. विषय क्रमांक ३ : मंडळीत सहभागिता वाढविणे (उपासनेनंतर चहा-बिस्किटे, कौटुंबिक सहल, तरुण संघाचे क्रिकेट सामने). विषय क्रमांक ४ : थकीत वर्गणीदारांची यादी फलकावर लावणे. टाइप करणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल, पण हे दोन विषय एकाखाली एक आलेत. मी छत्री मिटता मिटता ते वाचलं आणि तिथेच उभा राहिलो. चौथा विषय मंजूर करायचा असेल तर तिसऱ्यावर चर्चा करू नका, वेळ जाईल. पण एवढंच लिहिलं तर तुम्ही म्हणाल, सर आता खजिनदार नाहीत म्हणून बोलतात. तेव्हा खजिनदार असताना मी काय केलं ते आधी सांगतो.

शेवटच्या बाकावर, खांबाआड, एक आजी बसायच्या. नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलाला ते आवडणार नाही. दोन घरची धुणीभांडी, गुडघे गेलेले, तरी पहिली घंटा व्हायच्या आत हजर. त्या बाजूला दानाची थैली मीच फिरवायचो. आजी रुमालाची गाठ दातांनी सोडायच्या, दहाचं नाणं काढायच्या आणि आवाज होऊ नये म्हणून थैलीत हात पार आतपर्यंत घालून ते सोडायच्या. सहा वर्षांत एखादाच रविवार चुकला असेल.

एका पावसाळ्यात शनिवारी रात्री त्या वारल्या. रविवारी उपासना सुटल्यावर मुलगा ऑफिसात आला. दफनभूमीसाठी मंडळीचं पत्र हवं होतं. पायात चिखलाने भरलेल्या स्लिपरा, म्हणून तो उंबऱ्याच्या आत येईना. सचिव मला म्हणाले, "सर, जरा रजिस्टर बघता का?" मी पाहिलं. त्यांच्या नावापुढे छत्तीस महिने कोरे होते. महिना पन्नासप्रमाणे १,८०० रुपये, आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने, माझ्याच अक्षरात, 'थकीत'. नियम असा की थकबाकी निघाल्याशिवाय पत्र द्यायचं नाही. नियम मी केला नव्हता. मोठ्याने वाचून मात्र मीच दाखवला, उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला, ऑफिसात आणखी पाचसहा जण असताना.

तो काही बोलला नाही. गेला आणि तासाभराने परत आला. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेल्या नोटा त्याने टेबलावर ठेवल्या. वस्तीतल्या किराणा दुकानदाराने दिल्या होत्या. तो दुकानदार आपल्या मंडळीचा नाही, कुठल्याच मंडळीचा नाही. मी नोटा मोजल्या. कार्बन सरकवला. पावती कोणाच्या नावाने करायची हा प्रश्न मला पडला आणि मी तो त्या मुलालाच विचारला. तो म्हणाला, "तिच्याच." मी 'श्रीमती' लिहून पुढे नाव लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली, 'थकबाकी पूर्ण जमा' असा शेरा मारला आणि सही केली. दुपारी चारला माती दिली. गीत म्हटलं, पाळकसाहेब छान बोलले, मीही मूठभर माती टाकली. आपण सगळे तिथे ख्रिस्तात एक शरीर होतो, असं त्या दिवशीच्या प्रार्थनेत आलं.

माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या माणसाला झोप लागली नाही की तो आकडेच मांडतो. त्या रात्री मी मांडले. रविवारचे दहा रुपये, वर्षाचे बावन्न रविवार, म्हणजे ५२० रुपये. तीन वर्षांचे १,५६०. हे पैसे मंडळीलाच मिळाले होते, माझ्याच हातातल्या थैलीत पडले होते. पण थैलीत नाव नसतं आणि वर्गणीच्या पाकिटावर असतं. तेव्हा आजींची खरी थकबाकी २४० रुपये होती. तेवढ्यासाठी, आणि खरं तर तेवढ्यासाठीही नाही, मी मयताच्या दिवशी पावती फाडली.

आता सहभागितेबद्दल. हा शब्द आपल्या तोंडात इतका घोळला आहे की त्याचा चोथा झालाय. सहभागितेचा चहा, सहभागितेची सहल. ग्रीक मला येत नाही, पण सेमिनरीत शिकलेल्या एका पाळकांनी एकदा वहीच्या पानावर मला बायबलातला तो मूळ शब्द लिहून दिला होता : कोइनोनिया. त्यांनीच लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली गंमत दाखवली. जाळी माशांनी फाटायला लागली तेव्हा शिमोनाने दुसऱ्या होडीतल्यांना खुणावलं. ते याकोब आणि योहान. लूक त्यांना शिमोनाचे भागीदार म्हणतो, आणि भागीदारासाठी तिथला शब्द याच घराण्यातला आहे. म्हणजे त्या काळच्या माणसाच्या कानाला हा शब्द देवळातला वाटत नव्हता, धंद्यातला वाटत होता. होडीतला माल सामाईक आणि फाटलेलं जाळंही सामाईक.

मला ते ऐकून एकदम सावड आठवली. मी नेवासे तालुक्यातल्या खेड्यातला. वडिलांकडे एकच बैल, शेजारच्या घरीही एकच. एका बैलावर नांगर चालत नाही. मग मृगाच्या आधी सावड ठरायची : आज तुमचं रान, उद्या आमचं. ज्याचं रान त्याने भाकरी द्यायची. सावडीत हिशेब नसतो असं नाही, चांगला कडक असतो, पण तो डोळ्यांसमोरचा असतो. शेजाऱ्याचा बैल पायाने लंगडा झाला तर ते आम्हाला रजिस्टरातून कळत नव्हतं. त्या दिवशी आमचंही रान पडून राहायचं, म्हणून कळायचं. वडील मग त्याच्या गोठ्यात जाऊन बैलाच्या खुराला हळद लावायचे. दयेपोटी नव्हे हं. तो बैल अर्धा आमचा होता.

मला वाटतं, मंडळीत असणं म्हणजे एवढंच. दुसऱ्याचं दुखणं अर्धं आपलं असणं. आजींची ओळ छत्तीस महिने कोरी राहिली आणि आपल्यापैकी कोणाचंही रान पडून राहिलं नाही. म्हणजे त्या आपल्या रजिस्टरात होत्या, सावडीत नव्हत्या. मी लाल शाईची बाटली उघडली. त्यांच्या घरी गेलो नाही. गेलो असतो तर कळलं असतं की दोनपैकी एक काम सुटलंय आणि मुलाचा हात मशीनमध्ये सापडून तो आठ महिने घरी बसलाय. हे मला कोणी सांगितलं? त्या किराणा दुकानदाराने. त्याच्या उधारीच्या वहीत ते सगळं होतं.

वर्गणीविरुद्ध मी नाही, हे इथेच स्पष्ट करतो, नाहीतर हे पत्र उद्या वेगळ्याच कारणासाठी फिरेल. पाळकांचा पगार, लाइटबिल, गळकं छप्पर, ऑर्गनची दुरुस्ती, हे सगळं कोणाच्या तरी खिशातूनच येतं, आणि महिनाअखेरीला ते जमवताना काय होतं ते मी सहा वर्षं पाहिलंय. दारात दोन गाड्या उभ्या असून वर्गणीला "पुढच्या महिन्यात, सर" म्हणणारेही मी पाहिलेत. त्यांची नावं फलकावर लागली तर मला वाईट वाटणार नाही. पण ते फलकाला घाबरत नाहीत. फलकाला आजींसारखेच घाबरतात.

आणि वर्गणीचं तर शास्त्रातच आहे. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गोरगरिबांसाठी पैसे जमवले. त्या जमवलेल्या पैशांसाठी पौलाने शब्द वापरलाय तोच, कोइनोनिया. म्हणजे पहिल्या मंडळीत वर्गणी आणि सहभागिता असे दोन विषय विषयपत्रिकेवर नव्हतेच, एकच होता. फक्त पैसा गरिबाच्या दारात जात होता. दफनाच्या पत्रासाठी गरिबाच्या दारातून येत नव्हता.

प्रीतिभोजनाचंही बोलतो, कारण ते डिसेंबरात येईलच. पूर्वी महिला संघाच्या बाया पहाटे चुली पेटवायच्या, घरटी तांदूळ-डाळ गोळा व्हायची, जे आलं ते शिजायचं. आता केटरर आहे आणि कूपन आहे, गेल्या वर्षी १५० रुपयांचं. पाच माणसांचं घर असेल तर ७५० रुपये. उपासना संपल्यावर काही कुटुंबं मागच्या फाटकाने निघून जातात, मुलांना ओढत, "घरी पाहुणे येणार आहेत" असं म्हणत. दर वर्षी त्यांच्याच घरी पाहुणे कसे येतात? आपण जाणाऱ्यांकडे बघून हात हलवतो आणि रांगेत उभे राहतो.

करिंथच्या मंडळीत नेमकं हेच झालं होतं. ज्यांच्याकडे होतं ते आधी येऊन जेवून मोकळे व्हायचे आणि उरलेले उपाशी. पौलाने त्यावर जे लिहिलं ते पहिल्या करिंथकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. पाळकसाहेब, तुम्ही प्रभुभोजनाच्या रविवारी हाच अध्याय वाचता, पण तेविसाव्या वचनापासून. तुमच्या आधीचे पाळकही तिथूनच वाचायचे. सतराव्यापासून वाचा ना एकदा. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा पौलाचा सरळ प्रश्न त्या मधल्या वचनांत आहे. भाकर आणि प्याल्याची ती सुंदर वचनं त्या भांडणाच्या पोटातून आली आहेत. भांडण गाळून आपण नुसती वचनं घेतली.

कापणीच्या सणाला लोक मंडळीत आणून देतात त्या वस्तूंचा लिलाव मला स्वतःला फार आवडायचा. लिलाव पुकारायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं आणि मी ते रंगवायचो. एका वर्षी एका लिंबाची बोली अकराशेवर गेली. दोन घराण्यांचं जुनं होतं, लिंबू निमित्त. टाळ्या पडल्या. त्यानंतर टेबलावरची एक वर्तमानपत्राची पुडी मी उचलली. आत पावशेरभर हरभऱ्याची डाळ. बोली कोणी करेना. मी ती पुडी आणखी तीन पुड्यांना जोडली आणि म्हणालो, "चला, हे सगळं मिळून पन्नास!" लोक हसले. पुडी कोणाची होती ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता अंदाज आहे.

आपण गरिबांबद्दल बोलतो तेव्हा जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलतो. नगरकडच्या आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात बाप्तिस्म्याची गोष्ट १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या आसपास सुरू होते. माझ्या घराण्यात तशीच होते. लोक टोमणा मारायचे, पोटासाठी बाटले. मारू द्या. माझ्या पणजोबांना भाकरी मिळाली आणि त्याहून मोठी गोष्ट मिळाली : ज्यांच्या हातचं पाणी त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं आणि ज्यांनी त्यांच्या हातचं घेतलं नव्हतं, त्यांच्याबरोबर प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला तोंड लावायला मिळालं. महारवाडा आणि मांगवाडा यांच्यात वरच्या आळीइतकीच उंच भिंत होती, हे आपण सोयीने विसरतो. त्या काळची सहभागिता तो प्याला होती, आणि ती सोपी नव्हती. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्या माउलीला अडलं होतं ते काही त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव यावर, नाही. कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या हातचं प्यायचं, इथे अडलं होतं. ते ओझं त्यांनी आधी उतरवलं, पाणी नंतर डोक्यावर घेतलं. तिकडे दक्षिणेत ख्रिस्ती झालेले लोक देवळात जातवार बसायचे, तेव्हा १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूमच काढला की मंडळीतून जात गेलीच पाहिजे. हुकुमाने ती किती गेली ते सोडा. आपल्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न अजून काय असतो, "कुठल्या मिशनचे?" आणि दुसरा, आवाज उतरवून, "मूळचे कोण?" आता त्यात तिसरा मिसळलाय : कुठल्या सोसायटीत राहता. बाकांचे क्रम पाहा. एसी बसवला तेव्हा तो पुढच्या आठ बाकांवर बसवला. मापाचा प्रश्न होता, मान्य. कोटेशन मीच मागवलं होतं.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. मोठी योजना माझ्याकडे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत कुरकुर झाली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. तिथे प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही, विधवांना धीर धरा म्हणून सांगितलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे थैली गेली. आपल्याकडे मदतनिधी कोण सांभाळतं? ज्यांना मदत कधी लागली नाही असे आम्ही लोक. तेव्हा माझी पहिली विनंती अशी की मदतनिधीच्या तिघांत निदान दोघी मागच्या बाकांवरच्या बाया असू द्या. त्यांना कोणाकडे काय शिजतं आणि काय शिजत नाही ते माहीत असतं. सही करायला त्यांचा हात थरथरेल, हिशेब मी शिकवीन. फुकट.

दफनाच्या पत्राला पैशाचा प्रश्न जोडू नका. हा ठराव पहिल्याच सभेत घ्या आणि एका ओळीचा घ्या, त्याला पोटनियम लावू नका. पोटनियम कोण कसा वापरतो ते मी तुम्हाला वर सांगितलंच आहे.

यादी फलकावर लावू नका, आपसांत वाटून घ्या. थकबाकीदारांची संख्या साधारण मला माहीत आहे. तुम्ही अकरा जण आहात, एकेकाच्या वाट्याला चारपाच घरं येतील. जा. पावतीपुस्तक नेऊ नका, आणि "सहज आलो होतो" असंही म्हणू नका, कारण कमिटीचा माणूस सहज येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. सरळ सांगा की तुमची ओळ कोरी दिसली, म्हणून आलो. ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत त्यांच्याकडेही जा, तिथे चहा चांगला मिळेल. कदाचित वर्गणीही मिळेल.

आणि प्रीतिभोजनाला कूपन नको. फाटकाजवळ एक डबा ठेवा, झाकणाचा, आत काय पडतं ते दिसू नये असा. कमी पडले तर माझ्या पेन्शनीतून पहिले पाच हजार लिहून घ्या. चुली पेटवायला आता कोणी येणार नाही हे मला समजतं, केटरर राहू द्या.

उपासनेनंतरच्या चहाला माझा विरोध नाही. पहिला कप मीच घेईन. बिस्किटं मात्र खारी ठेवा, निम्म्या मंडळीला साखर आहे.

एक गोष्ट राहिली. गेल्या महिन्यात मी त्या किराणा दुकानात गेलो होतो. त्याचे १,८०० रुपये आपण द्यायला हवेत असं इतकी वर्षं मनात होतं आणि इतकी वर्षं मी गेलो नव्हतो. दुकानदार आता म्हातारा झालाय, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो. त्याने जुनी वही काढली. आजींच्या मुलाने पैसे शंभर-शंभर करून फेडत आणले होते, २०० राहिले होते. मी दोनशेची नोट पुढे केली. म्हातारा आतून म्हणाला, "तुमच्याकडनं नको, सर. तो देतो." मी मीठ आणि काडेपेटी घेऊन परत आलो.

त्या वर्षीचं पावतीपुस्तक अजून माझ्याकडेच आहे. कार्यभार सोपवताना मी ते दिलं नव्हतं. विसरलो असं तेव्हा सांगितलं होतं. येत्या रविवारी उपासनेनंतर सचिवांकडे आणून देतो. कार्बन प्रत निळी, फिकट झाली आहे, पण उजेडात धरली की वाचता येते. सभेत चौथा विषय निघेल तेव्हा ती आधी हातोहात फिरवा.

आपला,
मंडळीचा एक माजी खजिनदार
(वर्गणी चालू महिन्यापर्यंत भरलेली)